जानकीच्या जागी

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. देवापाशीसुद्धा नाही. त्याच्यापुढे हात जोडले की मी घाईघाईने दुसरंच काही मागत असे — मुलीचं आरोग्य, सासूबाईंचा खोकला, विहिरीचं पाणी. तो मनातलं ओळखतो म्हणतात. ओळखत असेल, पण मी आपण होऊन सांगितलं नाही, एवढं खरं.

तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. तेच बरं आहे. ओळखीच्या बाईला सांगायला बसले असते तर मध्येच चुलीवरचं दूध आठवलं असतं. मी तोंडाची फटकळ. आमच्या आळीत विचारा कुणालाही, सांगतील — राधाबाईंच्या जिभेला हाड नाही, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. असं लोक म्हणतात आणि मी ऐकून घेते. फटकळ बाईचा हाच फायदा. तिच्या पोटात काही दडलेलं असेल असा संशयच कुणाला येत नाही.

कुठून सुरुवात करू? इंग्रजीपासून करते. बघा, म्हणजे खऱ्या गोष्टीला तेवढा उशीर लागेल — आताही मी वेळच काढते आहे.

आमची स्वारी — यजमानांना मी स्वारीच म्हणते, नाव घ्यायची आमच्यात रीत नाही — ठाण्याच्या कचेरीत भाषांतराच्या कामावर. मराठी अर्ज इंग्रजीत करायचे, इंग्रजी हुकूम मराठीत. बायकोला चार अक्षरं यावीत ही स्वारीची हौस. रविवारी दुपारी सासूबाई पुराणाला गेल्या की आम्ही माडीवर बसायचो. मराठी दोन वर्षांत आलं. मग इंग्रजी. त्यांच्या म्हणी आणि बोलायच्या लकबी यांची एक वेगळी वही होती. डाव्या पानावर म्हण, खाली अर्थ. उजव्या पानावर वाक्यात उपयोग. इकडून नेहमी सांगणं व्हायचं की अर्थ पाठ करून भागत नाही, वापरता आली तरच म्हण आपली. मला ते पटे. लुगड्याचंही तसंच नाही का? घडी करून ठेवलेलं आपलं कसलं? नेसावं तेव्हा आपलं.

ती वही अजून आहे. तिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर मी हे लिहिते आहे.

आता माझं सांगते. मी बिजवराला दिलेली. तेराव्या वर्षी लग्न झालं, माहेर पार चिपळूणकडे, आई लहानपणीच गेलेली. स्वारीची पहिली बायको जानकी. ती ठाण्यात, ह्याच घरात बाळंतपणात गेली, मूलही गेलं. सहा महिन्यांनी मी आले. तिची खोली मला मिळाली, तिची फणेरपेटी मिळाली, कुंकवाच्या करंड्याला तिच्या बोटाचा खड्डा पडलेला होता, त्यात माझं बोट जाऊ लागलं. आणि गळ्यात तिचा टाक बांधला.

टाक तुम्हांला माहीत असेलच. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात बांधतात तो — बोटाच्या पेराएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. ती मेलेली सवत. तिचा मान ठेवायचा, म्हणजे ती त्रास देत नाही. कुंकू लावायचं ते आधी तिला, मग आपल्याला. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग अंगाला. सणाला पुरणाचा पहिला घास तिच्या नावाने बाजूला. मी हे सगळं करायची. राग यायचा का? तेव्हा नाही यायचा, खरंच. तेराव्या वर्षी रागवायचं कुणावर हेच कळत नसतं.

आणि एक सांगायला हवं. जानकीमुळे मला आई मिळाली. आमच्याकडे पहिलीची आई ही दुसरीला आपली मुलगी मानते. सगळ्याच मानतात असं नाही, कैक जणी तोंडदेखलं खण-नारळ देऊन मोकळ्या होतात. पण कल्याणच्या आईंनी मला मानलं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांच्या मुलाला, भाऊंना, ठाण्याला पाठवून मला माहेरपणाला नेलं. पारनाक्यापासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. आई तेव्हाच विधवा, आलवणात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेले. उजेड-अंधार तेवढा कळे. मला पुढ्यात बसवून त्यांनी माझे केस विंचरले. चाचपत चाचपत गुंता काढला, एकदाही ओढ बसली नाही. माझे केस असे कुणी विंचरलेले मला आठवत नव्हते. मी रडले. त्यांनी का रडतेस म्हणून विचारलं नाही.

पुढे दर वर्षी भाद्रपदात जाऊ लागले. अविधवा नवमीला आमच्या घरी ठाण्याला जानकीच्या नावाने सवाष्ण जेवायची, ते रीतीप्रमाणे. पण आईंनी आपल्या मनाने एक चाल पाडली होती. दुसऱ्या दिवशी, दशमीला, भाऊ मला कल्याणला न्यायचे आणि आई मला जानकीच्या जागी जेवायला बसवायच्या. शास्त्रात असं काही नाही. आईचं शास्त्र, दुसरं काय! हळदीच्या पानातले पातोळे असायचे — जानकीला आवडायचे म्हणून. मला त्या पानाचा वास सोसत नाही. मी खायची.

जेवणाआधी आई मला माजघरात घेऊन बसायच्या. दोघीच. हात पुढे करून माझ्या गळ्याशी टाक चाचपायच्या, त्यावरून बोट फिरवायच्या. मग अगदी हळू, कुणाच्या कानावर जाऊ नये अशा बेताने विचारायच्या, "रागावली नाहीस ना गं?"

आणि मी म्हणायची, "नाही, आई."

एवढंच. मग त्या उठायच्या आणि मला पाटावर बसवायच्या.

त्या कशाबद्दल विचारत, ते मला भाऊंच्या बायकोने, वहिनींनी सांगितलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. जानकीचं नाही झालं. ज्या महिन्यात तिला आणायची, त्याच महिन्यात आईंचे यजमान गेले. घरात सुतक, आई कोपऱ्यात बसलेल्या, तिकडे बोलावणं कोण पाठवणार? पुढे पाठवू, पुढे पाठवू, म्हणता म्हणता सातवा संपून आठवा लागला, मग प्रवास नको असं ठरलं. आणि ती ठाण्यातच गेली. तिने म्हणे शेवटी आईला बोलवा म्हणून धोशा लावला होता. हे बोलायला नको होतं कुणी आईंपाशी. पण बोललं होतं कुणीतरी.

म्हातारी वेडी नव्हती, हे लक्षात घ्या. मी जानकी नव्हे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मला ती 'राधा' म्हणूनच हाक मारी. पण वर्षातून एकदा, त्या टाकाला बोट लावून, ती आपल्या लेकीला विचारी, आणि लेकीला तोंड नव्हतं म्हणून मी माझं द्यायची. सहा वर्षं दिलं. कठीण होतं का ते? मुळीच नाही. 'नाही, आई' म्हणायला किती दम लागतो?

सातव्या वर्षी मला मुलगी झाली होती.

बाळंतपण अवघड गेलं. दोन दिवस मी अडले होते, सगळ्यांची तोंडं उतरली होती — त्याच खोलीत जानकी गेलेली. मी वाचले, मूल वाचलं. आणि सुईणीने बाळ हातात घेतलं तशा सासूबाई म्हणाल्या, जानकीच परत आली गं बाई. मग जो येई तो तेच म्हणे. कपाळ जानकीचं, हनुवटी जानकीची. अहो, कसं शक्य आहे? जानकीचं नि तिचं रक्त तरी एक आहे का? पण कोण ऐकतंय! बारशाला नाव ठेवलं जानकी. मला माझ्या आईचं ठेवायचं होतं — यमुना. मी एकदाच बोलले. सासूबाई म्हणाल्या, दुसरी झाली की ठेवू. दुसरी काही झाली नाही.

फटकळ ना मी? मग तेव्हा का नाही तोंड उघडलं? ज्याच्यापुढे उघडायला हवं तिथे ते उघडत नाही, हीच माझ्या फटकळपणाची गंमत आहे. कामवालीला बोलेन, भाजीवालीला बोलेन. सासूबाईंपुढे, स्वारीपुढे — गप्प. मग तो राग हिंडत राहतो आणि जो सापडेल त्याच्या पाठीत बसतो. वड्याचं तेल वांग्यावर.

त्या भाद्रपदात, नवमीच्या आधीच्या रविवारी, वहीत एक नवी म्हण आली. 'टु स्टेप इंटु समवन्स शूज.' स्वारीने मला डाव्या पानावर ती लिहायला लावली. एखाद्याच्या जोड्यांत पाय घालणं. इकडून समजावणं झालं की साहेब लोक हे कचेरीत नेहमी बोलतात — एक जण पेन्शनीत गेला, दुसरा त्याच्या जागेवर आला, तर तो पहिल्याच्या जोड्यांत आला. आणि ह्याच्याच जवळची आणखी एक आहे, 'टु फिल समवन्स शूज', म्हणजे ते जोडे भरणं. पाय तर कुणीही घालेल. पण पहिल्याइतकंच काम निभावलं, तर जोडे भरले. दोहोंत गल्लत करू नये. जागा मिळणं वेगळं आणि जागा शोभणं वेगळं. मी मान डोलावली. मला नीट कळलं होतं. गंमतही वाटली — माझ्या पायांत उभ्या जन्मात जोडा गेला नव्हता. आमच्या आळीत कुठल्या बाईच्या गेला होता?

मग उजवं पान. वाक्यात उपयोग. इतर वेळी मी माझ्या मनाने वाक्य करायची आणि स्वारी चुका काढायची. त्या दिवशी स्वारीने स्वतःच टाक उचलला — लिहायचा हो, दुसरा नव्हे — आणि सुंदर वळणदार अक्षरांत इंग्रजी वाक्य लिहिलं. वाचून दाखवलं. राधाने जानकीच्या जोड्यांत पाय घातला.

कौतुकाने लिहिलं हो. माया होती त्यात. स्वारीच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगेन. पण मी त्या वाक्याकडे बघत बसले. शाई ओली होती. मी विचारलं, मग माझे जोडे कुठले? स्वारी हसली. अगं, ही म्हण आहे, असं सांगणं झालं. आणि तेवढ्यात खाली बाळ रडलं, सासूबाई पुराणावरून आल्या होत्या, त्यांनी हाक मारली — जानके, अगं जानके, रडू नको, आले हं.

मी उठून खाली गेले. त्या दिवशी मी बाळाला पाजताना तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघत पाजलं.

दशमीच्या सकाळी कल्याणला जायची तयारी करताना मी गळ्यातला टाक सोडला. टाक ओवलेली पोत तुटली नव्हती. मी ती दाताने गाठ सोडवून काढली, आणि टाक फणेरपेटीच्या तळच्या खणात, मेणाच्या डबीमागे ठेवून दिला. कशासाठी? एक दिवस गळा मोकळा हवा, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. खोटं. मला ठाऊक होतं की कल्याणला एक हात तो टाक शोधणार आहे.

बाळाला सासूबाईंनी ठेवून घेतलं, पितृपक्षात तान्ह्या मुलाला फिरवू नये म्हणून. भाऊ न्यायला आले. आगगाडी मुंब्र्याच्या बोगद्यात शिरली, अंधार झाला, तेव्हा माझा हात आपसूक गळ्याशी गेला. रिकामा गळा हाताला लागला. बरं वाटलं. हेही सांगून टाकते — बरं वाटलं. डोंबिवलीपर्यंत मी भाऊंशी हसून बोलत होते.

आई त्या वर्षी फार वाळल्या होत्या. चैत्रापासून पोटात अन्न ठरत नाही, वहिनी म्हणाल्या. तरी पातोळ्यांचं पीठ त्यांनी स्वतः बसून मळलं होतं. मला माजघरात घेऊन बसल्या. बाळाचं विचारलं. नाव काय ठेवलंय ते त्यांना कळलं होतं. माझा हात हातात धरला. मग हात पुढे आला. गळ्याशी फिरला. मंगळसूत्र चाचपलं, बाजूला केलं, पुन्हा चाचपलं.

"टाक कुठे गं, राधा?"

पोत तुटली, ओवायला टाकलाय — एवढं म्हणायचं होतं. घरी विचारलंच कुणी तर हेच सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. तयार होतं ते ओठांवर. मग का नाही म्हटलं?

मी म्हटलं, "ती नाही आली, आई. म्हणाली, मला नाही यायचं."

त्यांचा हात माझ्या गळ्यावरच होता. त्या म्हणाल्या, "रागावली का?"

"हो."

असं मी बोलले. वेड्यासारखी, संतापून वगैरे नाही. साध्या आवाजात, कुणी बाजारभाव विचारावा आणि आपण सांगावा तशी. सहा वर्षं जे तोंड मी तिच्या लेकीला दिलं होतं, तेच वापरलं — म्हणून तर ते तिला खरं वाटलं. परक्या बाईने म्हटलं असतं तर म्हातारीने झिडकारलं असतं. माझ्यावर तिचा विश्वास होता.

आईंनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं. तिला म्हणावं, राग गेला की ये. मी आहे."

मग वहिनींनी पानं घेतल्याची हाक मारली. मी उठले, पाटावर बसले आणि जेवले. पातोळेसुद्धा खाल्ले. आई दर वर्षी माझ्या पाटाशी बसून काय हवं-नको विचारायच्या. त्या दिवशी माजघरातच राहिल्या. वहिनी म्हणाल्या, अशक्तपणा आहे हो, मनावर घेऊ नका.

आता तुम्हांला वाटेल, ही एवढी गोष्ट. जिभेचा एक तडाखा. मत्सराने बाईच्या तोंडून काय जात नाही? मीही पुष्कळ वर्षं स्वतःला असंच समजावलं. पण मी सांगितलं ते अर्धं आहे. त्याच्यात निदान आग होती. उरलेल्या अर्ध्यात तीही नाही.

संध्याकाळी ठाण्याला आले. फणेरपेटी उघडली, टाक काढला, गळ्यात बांधला. घरात कुणाला कळलंच नव्हतं. आरशात पाहिलं — मी आणि माझ्या गळ्यात ती. तेव्हा मला समजलं मी काय केलं ते. उशिरा नाही समजलं. त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, सगळं लख्ख समजलं.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मला परत जाता आलं असतं. टाक गळ्यात होता. जाऊन आईंच्या पुढ्यात बसायचं, त्यांचा हात धरून गळ्याला लावायचा आणि म्हणायचं — आली बघा, राग गेला. एवढंच करायचं होतं. खोटं उकरून काढायची गरज नव्हती, माझा गुन्हा कबूल करायची गरज नव्हती. त्यांनी स्वतःच वाट ठेवली होती, राग गेला की ये.

मी गेले नाही.

आधी दोन दिवस लाजेने गेले नाही. मग भीतीने. आई विचारतील, तू असं का बोललीस, आणि मला खरं सांगावं लागेल. त्या असं कधीच विचारणार नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. मग सर्वपित्री आली, मग घटस्थापना. भाऊंचं कार्ड आलं स्वारीच्या नावाने — आईला बरं नाही, राधाला पाठवता का, सारखी आठवण काढते आहे. इकडून सांगणं झालं, जाऊन ये, मी रजा काढून पोचवतो. मी म्हटलं, बाळाला पडसं आहे. बाळाला पडसं नव्हतं. चार दिवसांनी भाऊ स्वतः आले, कचेरीच्या कामाला ठाण्यात आले होते, वाटेत डोकावले. नेऊ का? म्हणाले. मी म्हटलं, घट बसलेत, माळ रोज मीच घालते, नवरात्र उठलं की येते. ते बिचारे म्हणाले, बरोबर आहे. भाऊंना मी दारापर्यंत पोचवलं. वाटलं, आत्ता मागून हाक मारावी. ते टेंभी नाक्याच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत उंबऱ्यात उभी राहिले. हाक काही मारली नाही.

चौदा दिवस. मोजले आहेत मी, किती वेळा ते विचारू नका. खंडेनवमीला आई गेल्या. दसऱ्याच्या सकाळी, दाराला तोरण बांधत असताना, कल्याणहून माणूस निरोप घेऊन आला.

दिवस-वार झाल्यावर आम्ही भेटायला गेलो. वहिनींनी मला मिठी मारली. म्हणाल्या, तुमची किती वाट पाहिली हो त्यांनी. स्टेशनकडून गाडीची शिटी ऐकू आली की विचारायच्या, ठाण्याची का गं? आली का? दिवसातून चारदा. शेवटी शेवटी तर मालगाडी गेली तरी विचारायच्या. आम्ही सांगायचो, येतील हो राधाबाई, नवरात्र आहे ना घरी. तर गप्प व्हायच्या. पोटच्या लेकीचीही कुणी इतकी वाट बघणार नाही, असं म्हणून वहिनींनी डोळे पुसले.

त्या माझी वाट बघत नव्हत्या. हे त्या घरात एकटी मीच जाणत होते. स्वारी शेजारी बसलेली, भाऊ समोर, वहिनी माझा हात धरून. सगळे माझ्याकडे मायेने बघत होते. तेव्हा सांगता आलं असतं. मी पदर तोंडाला लावला आणि रडले, आणि त्यांना वाटलं दुःखाने रडते आहे. दुःखही होतं. पण पदर मी तोंड झाकायला लावला होता.

आईंनी वहिनींना माझ्याविषयी अवाक्षर सांगितलं नव्हतं. आईंना वाटत होतं, रागावली ती जानकी, त्यात राधाचा काय दोष?

त्यानंतरच्या रविवारी माडीवर वही उघडली. स्वारीने तेच पान काढलं. मागच्या वाक्याखाली नवं वाक्य लिहिलं. दुसऱ्या म्हणीचा उपयोग. राधाने जानकीचे जोडे नुसते घातले नाहीत, भरले. इकडून सांगणं झालं, कल्याणला मी स्वतः पाहिलं, पोटची लेक असती तरी त्या माउलीने इतका धोशा लावला नसता. तू जागा शोभवलीस. मग मला ते वाक्य तीनदा उतरवून काढायला सांगितलं, म्हणजे हात बसेल. मी उतरवलं. दुसऱ्या ओळीत स्पेलिंग चुकलं, ते स्वारीने दुरुस्त केलं. आत्ता हे लिहिताना पान मागे उलटलं तर ते दिसतं — वर स्वारीचं अक्षर आणि खाली तीन वेळा माझं.

सतरा वर्षं झाली. मुलीला मी पहिली काही वर्षं बाळीच म्हणत असे. मग एकदा तिने विचारलं, सगळे मला जानकी म्हणतात, तू का नाही म्हणत? त्या दिवसापासून म्हणू लागले. आता ती सासरी आहे, पनवेलीकडे. तिचं पहिलं बाळंतपण मी इथे आणून केलं, पाचव्या महिन्यातच घेऊन आले. सासरच्यांना वाटलं, हौस. टाक अजून माझ्या गळ्यात आहे. त्या दिवसानंतर मी तो कधी काढला नाही. यात कसलं पुण्य नाही. ज्या दिवशी हवा होता त्या दिवशी तो पेटीत होता.

कल्याणची चाल वहिनींनी मोडली नाही. सासूबाईंनी पाडलेली, मी कशी मोडू, म्हणतात. दर भाद्रपदात दशमीला मला बोलावणं येतं. मी जाते. न जायला कारण काय सांगणार? त्याच माजघराबाहेर पाट मांडलेला असतो, पातोळे असतात. वहिनींच्या आता दोन सुना आल्या आहेत. वाढता वाढता वहिनी त्यांना सांगतात, राधाबाईंकडे बघा गं, दुसऱ्याच्या जागी जाऊन ती जागा भरायची म्हणजे काय ते शिका. सुना माझ्याकडे बघतात. धाकटी तर नमस्कारच करते. मी म्हणते, पुरे, काहीतरीच, आणि वर एखादा टोमणाही मारते, म्हणजे सगळ्या हसतात. मग मी जेवते.

परवाच जाऊन आले. कल्याण जवळ आलं की गाडी शिटी देते, लांबलचक. भाऊ थकले आहेत, आता त्यांचा मुलगा मला न्यायला येतो. तो सामान काढू लागतो. मी बसल्या जागी ती शिटी शेवटपर्यंत ऐकून घेते. मग उतरते. 'आली का' म्हणून विचारणारं आता तिथे कुणी नाही.